लिंबू हवेत असताना

हवालदार हिंदुराव खोराटे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका बाईची समोरासमोर खरडपट्टी काढत होते आणि ती बाई खूश होऊन मान डोलवत होती. कारण खरडपट्टी मराठीत चालली होती आणि बाई पंजाबी होती.

साल अठ्ठ्याण्णव. गुडगावच्या आमच्या नव्या वसाहतीत घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते. आठ कोठ्या, म्हणजे बंगले, मग किकराच्या बाभळींचं रान, मग एक पाण्याचा टँकर, मग पुन्हा चार कोठ्या. कोपऱ्यावरच्या अशाच एका प्लॉटवर सकाळी कोठ्यांमधली कुत्री आणि त्यांचे मालक धडे घ्यायला जमायचे. मी दूध घेऊन परतत होते. खाकी टोपी घातलेला, काटक, पन्नाशी उलटलेला एक माणूस त्या बाईला म्हणाला, "बहुत बढ़िया, मैडमजी!" आणि त्याच दमात, त्याच हसऱ्या चेहऱ्याने, "कुत्रं कवाच शिकलंय. हिला शिकवाय मातूर दुसरा जन्म पायजे."

मी रस्त्यात उभी राहून खो खो हसले. पिशवीतलं दूध हिंदकळलं. त्या माणसाने चमकून माझ्याकडे पाहिलं, टोपी काढली आणि डोकं खाजवत म्हणाला, "ऐकलं न्हाई असं समजा, वहिनी."

मला त्या सकाळी नेमका असा माणूस हवा होता. आमच्या घरातल्या एकाला तडीपार करण्याचा हुकूम आदल्या रात्रीच्या जेवणाआधीच सुटला होता.

त्या एकाचं नाव बंडू. नवऱ्याच्या, म्हणजे पद्माकरच्या, कंपनीत तेव्हा सगळ्या वरच्या लोकांनी एकेक कुत्रं पाळायची टूम निघाली होती. जनरल मॅनेजरच्या अल्सेशियनला सात पिल्लं झाली आणि त्यांनी ती पेढे वाटावेत तशी हाताखालच्यांना वाटली. पुण्याची नोकरी सोडून बायको-मुलीसकट इथे आलेला माणूस साहेबाचं पिल्लू नाकारणार कसं? ते घरी आलं. आमच्या अकरा वर्षांच्या मयुराने त्याला माझ्या धाकट्या मामाचं नाव दिलं. मामाला हे अजून कळवलेलं नाही.

बंडू सहा महिन्यांत कमरेएवढा झाला. चपला खाल्ल्या, पडदे ओढले, तुळशीची कुंडी दोनदा उपसली. मी शिस्तीची बाई. माझ्या माहेरी मुलांना शिस्त लावायची एक ठरलेली पद्धत होती. दिवसभरात काहीही करा, आई हात लावायची नाही. फक्त म्हणायची, "येऊ देत बाबांना." संध्याकाळी बाबा यायचे, हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे आणि मग दरबार भरायचा. आई एकेक गुन्हा वाचायची आणि बाबा शिक्षा सुनवायचे. आमच्या पेठेत घरोघरी हेच. मयुराला मी असंच वाढवलं, आणि बंडूलाही तोच कायदा लावला.

पद्माकर मानेसरला जायचा. तिथे कंपनीचा नवा कारखाना उभा राहत होता. कंपनीची डिझेल गाडी त्याला संध्याकाळी साडेसातला फाटकाशी सोडायची. तो आला की मी चावलेली चप्पल पुराव्यादाखल पुढे करायची. तो ती बंडूच्या नाकाशी धरायचा, दोन शब्द बोलायचा आणि वर्तमानपत्राच्या सुरळीने दोन रट्टे द्यायचा. बंडू मान खाली घालायचा. आम्हाला वाटायचं, कळलं हो गुलामाला.

मग हळूहळू गाडीचा आवाज आला की तो दिवाणाखाली शिरायला लागला. मग एकदा पद्माकरला बघून त्याने तिथेच पाणी सोडलं. त्याबद्दलही त्याला रट्टे बसले. आणि गणपती झाल्यावर चार दिवसांनी, कारखान्याचे कसलेसे नकाशे फाडले म्हणून पद्माकरने सुरळी उचलली तेव्हा बंडू गुरगुरला आणि त्याने पद्माकरचं मनगट धरलं. रक्त आलं नाही, पण दातांचे वळ उठले. मनगटापेक्षा पद्माकरच्या मनाला ते जास्त लागलं.

"पानिपतला माझ्या ओळखीचा एक ब्लँकेटवाला आहे," तो म्हणाला. "त्याला गोदामावर राखणीला कुत्रा हवाच आहे. दिवाळीनंतरच्या रविवारी टेम्पो पाठवतो म्हणालाय."

"पानिपत!" मी म्हटलं. "अहो, मराठी माणसाने निदान दुसरं गाव तरी बघावं."

तो हसला नाही. मयुराही हसली नाही. तिला रडू फुटलं की ती हिंदीत बोलते. "चेन से बांध के रखेंगे क्या उसको? पूरा दिन?" तिने विचारलं. पद्माकरने वर्तमानपत्र उघडलं, म्हणजे उत्तर तिला कळलं.

मी सकाळी रस्त्यातच बोलावलं होतं, म्हणून हिंदुराव त्या दिवशी ड्यूटी संपवून आमच्याकडे आले. फौजेच्या श्वानपथकात चोवीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. आता एका कारखान्याच्या फाटकावर सुरक्षेचं काम करत आणि चक्करपूर गावात, खाली घरमालकाच्या म्हशी आणि वर दोन खोल्या अशा बिऱ्हाडात बायको सखुबाईंबरोबर राहत. मी खुर्ची दिली. ते पायरीवरच बसले. बंडूला त्यांनी हाक मारली नाही, हात लावला नाही, बिस्किट दाखवलं नाही. चहा पिता पिता नुसते बघत राहिले.

"ह्याला मारतं कोण?" त्यांनी विचारलं.

"साहेब. पण कारण असल्याशिवाय नाही."

"गुन्हा किती वाजता घडतो?"

"म्हणजे? कालचा अकरा वाजता घडला."

"आन् शिक्षा?"

"संध्याकाळी साडेसातला."

हिंदुरावांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "वहिनी, रागवू नका. समजा, सकाळी अकराला तुमचं दूध उतू गेलं. कुणी काय बोललं न्हाई. संध्याकाळी साडेसातला साहेब घरी आलं, तुमी पाण्याचा तांब्या पुढं केला, आन् त्यांनी तुमच्या कानाखाली जाळ काढला. तर तुमी काय समजाल?"

"की ह्यांचं डोकं फिरलंय."

"बंडूनं तेच समजलंय बघा. साहेब घरात आलं की मार बसतो. चपलेचा त्यात काय संबंधच न्हाई."

"पण चप्पल दाखवली की तो मान खाली घालतो! त्याला कळतं."

"ते भ्या हाय. तुमचं तोंड बघून घालतो मान. कुत्र्याला सकाळ उरत न्हाई, वहिनी. त्याला आत्ताचं कळतं. आत्ता मारलं तर आत्ताचं, आत्ता शाबास म्हणलं तर आत्ताचं."

मला राग आला. अर्धं पुणं ज्या शिस्तीत वाढलं तिला हा माणूस पायरीवर बसून मोडीत काढत होता. मी तसं बोलूनही दाखवलं. हिंदुराव म्हणाले, "माणसाचं आपण नंतर बघू. घरात लिंबू हाय का?"

मी लिंबू आणून दिलं. त्यांनी ते हवेत उडवलं आणि झेललं. "आता मी उडवतो. लिंबू वर टोकाला पोचलं की 'शाबास' म्हणायचं. वर जाताना न्हाई, खाली येतानाबी न्हाई. टोकाला असंल तवाच."

मी म्हटलं, हे काय अवघड. आणि वीसच्या वीस वेळा मी चुकले. लिंबू त्यांच्या हातात परत पोचल्यावर माझं "शाबास" निघायचं. मयुरा हसून हसून लोळली. रागवायला मला निमिषही लागत नाही. कौतुक मात्र माझ्या तोंडातून सगळी चौकशी करून मगच बाहेर पडतं. हे मला त्या लिंबाने दाखवलं आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

"कुत्र्याचं शिक्षण आठ दिवसांचं," हिंदुराव म्हणाले. "बाकीचा वेळ मालकाला लागतो."

त्यांनी दोन नियम घातले. संध्याकाळचा दरबार बंद. आणि कुत्रं बोलावल्यावर आलं की, मग ते कितीही उशिरा येवो, कुठेही तोंड घालून येवो, त्याला पहिल्यांदा शाबासकीच मिळाली पाहिजे. "आल्यावर मारलं तर येण्याबद्दल मारलं असं होतं. मग परत कशाला येईल ते?"

मी रोज सकाळी लिंबू घेऊन सराव करायला लागले. समोरच्या कोठीचा चौकीदार मला बघून वरात आल्यासारखा बाहेर येऊन उभा राहायचा. आठवड्याने दहातली सात लिंबं जमायला लागली. बंडू माझ्या पुढे धावला. तो बसू की नको असा विचार करत ढुंगण टेकवायचा, ते जमिनीला लागलं की लगेच "शाबास" आणि चण्याएवढा पनीरचा तुकडा. त्या महिन्यात दिल्लीत कांद्याच्या भावाने डोळ्यांत पाणी आणलं होतं, चिरायच्या आधीच. आमच्या भाजीत कांदा नव्हता आणि कुत्रा पनीर खात होता. पंधरा दिवसांत तो बसायला, थांबायला आणि मयुराच्या पहिल्या हाकेला वाऱ्यासारखा यायला शिकला.

फक्त साडेसातला गाडीचा आवाज आला की तो दिवाणाखाली जायचा. तिथे आमचं सगळं शिक्षण संपायचं.

"हे साहेबांनीच बांधलंय, त्यांनीच सोडवाय पायजे," हिंदुराव म्हणाले. "आपल्याच्यानं हुणार न्हाई."

मी पद्माकरशी बोलून पाहिलं. तो म्हणाला, "मी दिवसभर तीनशे माणसं सांभाळतो. घरी येऊन लिंबाला शाबास म्हणू?" आणि वर, "मी शब्द दिलाय त्या माणसाला." दिवाळीला तेव्हा तीन आठवडे उरले होते.

त्याच सुमारास एका दुपारी हिंदुरावांनी मला त्यांची स्वतःची गोष्ट सांगितली. मी विचारली नव्हती. मयुरा बोलता बोलता म्हणाली, "बाबा ना, माझंपण सगळं संध्याकाळीच ऐकतात. तोपर्यंत मीच भूल जाते मी काय केलं ते." आम्ही हसलो. हिंदुराव हसले नाहीत.

"माझा दरबार वर्षातनं एकदा भरायचा," ते म्हणाले. "दोन महिन्यांची रजा मिळायची. घरवाली वर्षभर सगळं मनात ठेवायची. आमच्या पोरानं, राजवर्धननं, होळीला कुणाची गंजी पेटवली, पावसाळ्यात शाळा बुडवून वढ्यावर गेला. मी दिवाळीला जायचो. बूट काढायच्या आत यादी सुरू. मग मी पोराला धरून बडवायचो. त्याला आठवतबी नसायचं कशाबद्दल ते. पुढं पुढं मी एस्टीतनं उतरलो की हा मागल्या दारानं चुलत्याकडं जायचा." त्यांनी कपातला उरलेला चहा एका घोटात संपवला. "एकदा मेरठला कुटुंबाला घेऊन गेलो. पोरगं आठ वर्षांचं. सकाळी मैदानाच्या कडंला उभं राहून बघायचं. माझी रीटा म्हणून लॅब्रॅडोर कुत्री होती. तिला सकाळच्या पारी मी पन्नासदा शाबास म्हणायचो. एक श्वास, वहिनी. त्या श्वासाच्या आत शाबास पोचली तर ती तिची. उशिरा पोचली तर भलत्याचीच. हे मला झोपेतसुद्धा ठाऊक. आन् दुपारी हे पोरगं त्याच्या आईला म्हणालं, आबांनी मला एकदाबी न्हाई म्हणलं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. ऐकलं आन् कामावर गेलो. आता तिकडं गडहिंग्लजला आयटीआयमध्ये टर्नरचं शिकतोय. पत्र आईच्या नावानं लिहितो."

इतका चांगला माणूस आणि इतकी साधी गोष्ट त्याच्याकडून राहून गेली, याचं मला फार वाईट वाटलं. आणि मग पाहिलं तर मयुरा दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती.

त्या संध्याकाळी हिंदुराव घरी गेले नाहीत. साडेसातला पद्माकर गाडीतून उतरला तेव्हा ते फाटकाशी ताठ उभे होते.

"साहेब, एक विचारू? तुमच्या कारखान्यात काय बनणार?"

"इंजिनाचे पार्ट," पद्माकर टाय सोडवत म्हणाला.

"इंजिनात ठिणगी पडती, ती जरा उशिरा पडली तर?"

पद्माकरचा हात टायवर थांबला. या विषयावर तो झोपेतूनही उठून बोलेल. "तर ताकद जाते. पेट्रोल जळतं, पण गाडी ओढत नाही. इंजिन नुसतं तापतं."

"कितीसा उशीर चालतो?"

"चालतच नाही हो. सेकंदाचा हजारावा भाग म्हणजेसुद्धा पुष्कळ झाला."

"मग कुत्रं लय सोशीक म्हणायचं, साहेब," हिंदुराव म्हणाले. "ते तुमाला एक पुरा श्वास देतंय." आणि त्यांनी लिंबू पुढे केलं.

पद्माकरने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. मग त्याने बॅग खाली ठेवली. तिसऱ्या लिंबाला त्याचं "शाबास" बरोबर टोकाला लागलं. मला त्यासाठी एक आठवडा लागला होता. हे शल्य मी अजून बाळगून आहे.

त्यानंतर रोज पद्माकरच्या शर्टाच्या खिशाला पनीरचा तेलकट डाग पडायला लागला. तो यायचा, दिवाणापासून लांब जमिनीवर बसायचा आणि वाट बघायचा. बंडूचं नाक बाहेर आलं, शाबास. एक पाय बाहेर आला, शाबास. पहिले चार दिवस नाकाच्या पुढे काही आलं नाही. नवव्या दिवशी बंडू पूर्ण बाहेर आला आणि खोलीच्या मध्यावर उभा राहिला. मयुराने तोंडावर हात दाबून धरला होता. पण पद्माकरने हाक मारली की तो दोन हातांवर येऊन थांबायचा. तिथून पुढे यायचा नाही.

"दोन हात म्हणजे काहीच नाही," मी म्हणायची.

"दोन हात म्हणजे विश्वास नाही," पद्माकर म्हणायचा. "ज्या कुत्र्याचा घरच्या माणसावर विश्वास नाही तो घरात ठेवायचा कसा? टेम्पो सांगितलेला आहे." तो आता हे रागाने म्हणत नव्हता. वाईट वाटून म्हणत होता, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटायची.

दिवाळी आली आणि गेली. भाऊबीजेला मयुराने बंडूला ओवाळलं. रविवारी सकाळी नऊ वाजता टेम्पो फाटकाशी लागला.

पानिपतहून आलेला माणूस वाईट असता तर मला बरं वाटलं असतं. तो भला माणूस होता. भेट म्हणून त्याने दोन ब्लँकेटं आणली होती आणि खांद्यावर एक नवी कोरी साखळी. हिंदुरावही आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. पद्माकर लेंगा आणि बनियनवर बाहेर आला. बंडू मयुराच्या पायाशी बसला होता. कुणी काही बोलायच्या आत शेजारच्या प्लॉटवर पोरांनी उरलेली फटाक्यांची माळ लावली. टेम्पोवाल्याने फाटक उघडं टाकलं होतं. बंडू उठला आणि गोळीसारखा बाहेर गेला.

प्लॉटांच्या पलीकडून मोठा रस्ता जात होता. नव्या बांधकामांची खडी घेऊन डंपर त्याच्यावरून दिवसभर धडधडत असत. बंडू तो रस्ता कसा ओलांडून गेला, आम्ही पाहिलं नाही. पद्माकर सगळ्यांत पुढे धावला, त्याच्यामागे हिंदुराव. मी आणि मयुरा पोचलो तेव्हा बंडू पलीकडच्या कडेला उभा होता, शेपूट पायांत घालून, जीभ बाहेर काढून. पद्माकरने त्याला एकदा हाक मारली होती. त्या हाकेसरशी त्याने रस्त्यावर एक पाऊल टाकलं, समोरून डंपर गेला आणि तो दचकून मागे सरकला.

मयुरा हाक मारणार तोच हिंदुरावांनी तिचा हात धरला. "आता दुसऱ्या कुणी बोलायचं न्हाई. साहेबांच्या आवाजाकडं लक्ष लागलंय त्याचं. दोघांनी बोलावलं तर गोंधळंल आन् मधेच थांबंल." मग हलक्या आवाजात, "साहेब, खाली बसा. मी हात खाली आणीन तवा हाक मारा. आदी न्हाई, नंतर न्हाई."

पद्माकर रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. हिंदुरावांनी उजवा हात वर केला. एक डंपर गेला. मागून विटांची ट्रॅक्टर-ट्रॉली आली. पलीकडे बंडू पुढचा पाय उचलत होता, ठेवत होता. अजून एक डंपर. त्या डंपरचं मागचं चाक पुढे सरकलं, धूळ उठली, आणि हिंदुरावांचा हात खाली आला.

"बंडू, ये!"

तो आला. धुळीतून सरळ आला, दोन हातांवर थांबला नाही, पद्माकरच्या गुडघ्यांपर्यंत आला.

आणि पद्माकरचा उजवा हात वर गेला.

तो हात मी पाहिला. जत्रेत हरवलेलं पोर सापडल्यावर आई पहिल्यांदा जो हात उगारते, तो होता तो. भीतीने गेला होता वर. बंडूने कान पाडले आणि तो जमिनीला चिकटला, पण पळाला नाही. सहा आठवडे, सगळी लिंबं, सगळं पनीर, सगळं त्या एका हाताखाली येऊन बसलं होतं. मयुराने डोळे मिटले.

"शाबास," पद्माकर म्हणाला. हात खाली आला तो बंडूच्या मानेवर. "शाबास रे. शाबास." मग तो त्या धुळीतच बसला आणि बंडू त्याच्या मांडीवर चढायला लागला. मी तिथे उभी राहून ढसाढसा रडले. मला कोण बघतंय याची पर्वा नव्हती.

घरी आल्यावर पद्माकरने टेम्पोवाल्याला हात जोडले. ब्लँकेटं परत केली. त्या भल्या माणसाने एक नेलं आणि एक ठेवलं. "कुत्ते के लिए," म्हणाला. त्यावरच बंडू पुढे बारा वर्षं झोपला.

मी चहा टाकला. मयुरा आणि पद्माकर अंगणात बंडूला काय काय सांगत होते. मी मनात ठरवत होते की हिंदुराव आणि सखुबाईंना एकदा रीतसर जेवायला बोलवायचं, सखुबाईंना साडी नेसवायची, नीट बसवून त्यांचे आभार मानायचे. पुढच्या रविवारी नको, पाहुणे आहेत. त्याच्या पुढच्या. खिडकीतून पाहिलं तर हिंदुराव फाटकाबाहेर सायकलचं स्टँड काढत होते. त्यांना कुणीच काही बोललं नव्हतं.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी!

मी चहाची गाळणी हातात घेऊन, अनवाणी बाहेर धावले. ते दहा-बारा पावलं पुढे गेले होते. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस. मोठ्या माणसाला असं म्हणत नाहीत, हे मला कळत होतं. तरी मी भर रस्त्यात ओरडले, "शाबास, हिंदुराव!"

चौकीदार उठून उभा राहिला. हिंदुराव थांबले. सायकल तशीच धरून ते वळले आणि त्यांनी टोपी काढली. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेलं निळं आंतर्देशीय पत्र काढलं.

"वहिनी, एसटीडी बूथ उघडं असंल का हो आता?"

"का? काय झालं?"

"राजवर्धन पहिला आला. टर्नरमध्ये. गुरुवारी पत्र आलं. ह्या बारीला माझ्या नावानं लिवलंय." त्यांनी पत्राची घडी उलट-सुलट केली. "मी म्हणलं, होळीला गावी जाईन तवा समोर बसवून नीट बोलंन. शर्टाचं कापड घेऊन जाईन."

"होळीला?" मी विचारलं. दरबारातला माझा जुना सूर लागला असावा, कारण त्यांनी खाली पाहिलं.

"गुरुवारपास्नं चार दिवस झालं," ते म्हणाले. "श्वास तर कवाच गेला."

"कुत्र्याचा गेला. माणसाला चार दिवस चालतात. चला."

मी चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर बाजारातल्या बूथवर गेले. पोरगा दिवाळीसाठी चुलत्याकडे आला होता. गावातल्या दूध डेअरीत फोन होता. त्यांनी सांगितलं, बोलावतो, दहा मिनिटांनी परत करा. ती दहा मिनिटं हिंदुराव बूथबाहेर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. मग आत गेले. काचेचं दार नीट लागत नव्हतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"राजू? आबा बोलतोय." मग एवढ्या मोठ्याने की पलीकडचा पानवाला वळला, "शाबास!"

मग पलीकडून पोरगा बोलत असावा. फोन कानाला दाबून उभे राहिले. एकदा "न्हाई रं" म्हणाले. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि मला कळेना, आत जावं की नाही. ते बाहेर आले तेव्हा डोळे पुसत होते.

"काय म्हणाला?"

"म्हणला, आबा, शेजारी कुत्रं हाय का?"

"आणि तुम्ही?"

"मी म्हणलं, न्हाई रं, तुलाच. मग हसला, वहिनी. मला ऐकू आलं." त्यांनी टोपी घातली, पुन्हा काढली. "हसता हसता लाइन तुटली."

"मग आता?"

"आता काय, परत लावायची. आत्ताच," हिंदुराव म्हणाले आणि काचेचं दार ढकलून पुन्हा आत गेले.